तरुणांचा एकाकीपणा कमी करणारे ऑनलाइन मंच

किशोरवयीन व तरुण व्यक्तींना इतरांशी जिव्हाळ्याचे संबंध जोडता यावेत आणि आपण एकटे पडलो आहोत ही त्यांची भावना कमी व्हावी, या मुख्य हेतूने उभारलेली संकेतस्थळे, अ‍ॅप आणि लेखी संवादसेवा यांना एकत्रितपणे एकाकीपणा कमी करणारे ऑनलाइन मंच असे म्हणता येईल. फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारखी समाजमाध्यमे आणि हे मंच बाहेरून सारखेच दिसतात. दोन्हीकडे नोंदी, प्रतिसाद, गट आणि संदेश असतात. फरक हेतूत आणि म्हणूनच मोजमापात आहे. जाहिरातींवर चालणाऱ्या समाजमाध्यमावर वापरकर्ता जितका अधिक वेळ खिळून राहील, तितका त्या कंपनीचा लाभ असतो. याउलट एकाकीपणा कमी करू पाहणाऱ्या मंचाचा वापरकर्ता कालांतराने मंचावर कमी आणि माणसांत अधिक दिसू लागला, तरच तो मंच सफल ठरतो. या मंचांच्या रचनेतील बहुतेक अवघड निर्णय या विसंगतीतून उद्भवलेले आहेत.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील ओरिजेन या संस्थेने विकसित केलेला 'होरायझन्स' हा या प्रकारचा एक महत्त्वाचा प्रयोग होय. त्याची दीर्घ मुदतीची शास्त्रीय चाचणी झाली असल्याने प्रस्तुत लेखात त्याचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

संज्ञा आणि व्याख्या

मराठीत एकांत, एकटेपणा आणि एकाकीपणा हे तीन शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यांच्या अर्थच्छटा मात्र भिन्न आहेत. एकांत हा बहुधा स्वेच्छेने स्वीकारलेला असतो. संतपरंपरेत त्याला साधनेचे स्थान आहे आणि देहूजवळचे भामचंद्र व भंडारा हे डोंगर तुकारामांच्या एकांताशी जोडले जातात. एकटेपणा ही वस्तुस्थिती आहे. सोबत कोणी नाही, इतकाच त्याचा अर्थ. एकाकीपणा ही अनुभूती आहे. भरल्या घरात, गजबजलेल्या वसतिगृहात, शेकडो 'मित्र' असलेल्या समाजमाध्यमावरही माणूस एकाकी असू शकतो.

मानसशास्त्रात डॅनियल पर्लमन आणि लेटिशिया अ‍ॅन पेप्लाऊ यांनी १९८१ मध्ये मांडलेली व्याख्या सर्वाधिक प्रचलित आहे. तिच्यानुसार व्यक्तीला हवे असलेले सामाजिक संबंध आणि प्रत्यक्षात लाभलेले संबंध यांच्यातील तफावतीतून उद्भवणारा क्लेशदायक अनुभव म्हणजे एकाकीपणा. ही तफावत संख्येची असू शकते किंवा गुणवत्तेची. त्यापूर्वी १९७३ मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी एकाकीपणाचे दोन प्रकार कल्पिले होते. आपला असा समूह नसल्याने जाणवतो तो सामाजिक एकाकीपणा. आणि मन मोकळे करता येईल अशी एखादी निकटची व्यक्ती नसल्याने जाणवतो तो भावनिक एकाकीपणा. मंचाच्या रचनाकारासाठी हा भेद केवळ तात्त्विक नाही. गट, कट्टे आणि चर्चा उपलब्ध करून दिल्याने पहिला प्रकार हलका होऊ शकतो, दुसरा त्याने हलका होईलच असे नाही.

मोजमापासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत १९७८ मध्ये तयार झालेली आणि पुढे १९८० व १९९६ मध्ये सुधारलेली यूसीएलए एकाकीपणा मापनश्रेणी वापरली जाते. मोठ्या पाहण्यांसाठी २००४ मध्ये तिची तीनच प्रश्नांची संक्षिप्त आवृत्ती करण्यात आली. सोबतीची उणीव किती वेळा जाणवते, आपल्याला वगळले गेल्यासारखे किती वेळा वाटते आणि इतरांपासून तुटल्यासारखे किती वेळा वाटते, एवढेच तिच्यात विचारले जाते. 'एकाकी' हा शब्द या तीन प्रश्नांत येत नाही. तो शब्द स्वतःला लावून घेण्यास लोक, विशेषतः मुलगे, संकोचतात, हे त्यामागील व्यावहारिक शहाणपण होय.

तरुण वयातील व्याप्ती

एकाकीपणा हे वार्धक्याचे दुःख आहे असा सर्वसाधारण समज आहे. २०१८ मध्ये बीबीसीने ब्रिटनमधील विद्यापीठांतील संशोधकांसह केलेल्या पाहणीत सुमारे ५५,००० लोकांनी भाग घेतला. तीत १६ ते २४ वयोगटातील ४० टक्के सहभागींनी आपल्याला वारंवार किंवा अतिशय वारंवार एकाकी वाटते असे सांगितले. ७५ वर्षांवरील सहभागींत हे प्रमाण २७ टक्के होते. ही पाहणी स्वेच्छेने भाग घेणाऱ्यांची असल्याने तिचे आकडे संपूर्ण लोकसंख्येला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधविषयक आयोगाने मात्र जून २०२५ मधील अहवालात याच दिशेचे चित्र मांडले. जगात सुमारे सहापैकी एक व्यक्ती एकाकीपणाने ग्रस्त आहे आणि १३ ते २९ या वयोगटात हे प्रमाण १७ ते २१ टक्के असून त्यात किशोरवयीनांचे प्रमाण सर्वाधिक आहे, असे हा अहवाल सांगतो.

याची कारणे वयातच आहेत. शाळा सुटते, महाविद्यालय बदलते, गाव सोडावे लागते. जुनी मैत्री विरळ होते आणि नवी अजून जुळलेली नसते. नवी मैत्री जुळण्यास लागणारा वेळही थोडाथोडका नसतो. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांच्या अभ्यासानुसार ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत होण्यास सुमारे ५० तासांचा, तर निकटच्या मैत्रीत होण्यास २०० तासांहून अधिक सहवास लागतो. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याच्या पेठांत खोली घेऊन राहणारा, दिवसभर अभ्यासिकेत मौन पाळणारा ग्रामीण विद्यार्थी हे तास कोठून आणणार, हा प्रश्न महाराष्ट्रातील वाचकास परका वाटणार नाही.

शासकीय पातळीवर या प्रश्नाची दखल प्रथम ब्रिटनने ठळकपणे घेतली. संसद सदस्य जो कॉक्स यांच्या नावाने काम करणाऱ्या आयोगाच्या शिफारशींनंतर जानेवारी २०१८ मध्ये तेथे या विषयाची जबाबदारी ट्रेसी क्राउच या मंत्र्यांकडे सोपवण्यात आली. जपानने फेब्रुवारी २०२१ मध्ये असेच मंत्रिपद निर्माण केले आणि एप्रिल २०२४ पासून एकाकीपणा व विलगतेसंबंधीचा कायदा लागू केला. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी मे २०२३ मध्ये याविषयी राष्ट्रीय सूचनापत्र प्रसिद्ध केले.

आंतरजाल आणि एकाकीपणा: संशोधनातील मतांतरे

आंतरजालाने माणूस एकाकी होतो की त्याचा एकाकीपणा कमी होतो, हा वाद आंतरजालाइतकाच जुना आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे रॉबर्ट क्राउट व सहकारी यांनी पिट्सबर्ग परिसरातील ९३ कुटुंबांना संगणक आणि आंतरजाल पुरवून त्यांचा अभ्यास केला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अधिक वापर करणाऱ्यांत एकाकीपणा व नैराश्य किंचित वाढलेले आढळले. लोक मुख्यतः संपर्कासाठी वापरतात ते साधनच संपर्क घटवते, म्हणून त्यांनी याला 'आंतरजालाचा विरोधाभास' म्हटले. २००२ मध्ये याच संशोधकांनी त्याच लोकांकडे पुन्हा जाऊन पाहिले तेव्हा दुष्परिणाम बहुतांशी ओसरलेले होते. नव्या सहभागींच्या अभ्यासात तर बहिर्मुख आणि भरपूर आधार असलेल्यांना आंतरजालाचा लाभ झाला व अंतर्मुखांना तो तितकासा झाला नाही, असे दिसले. ज्याच्या पदरी माणसे आहेत त्यालाच आणखी माणसे मिळतात, असा याचा अर्थ. एकाकी व्यक्तीसाठी वेगळ्या मंचाची आवश्यकता का भासते, याचे उत्तर या निष्कर्षात दडलेले आहे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१८ मध्ये १४३ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. एका गटाला फेसबुक, इन्स्टाग्राम व स्नॅपचॅट यांचा वापर प्रत्येकी रोज १० मिनिटांपुरता मर्यादित ठेवण्यास सांगण्यात आले. तीन आठवड्यांनी त्या गटातील एकाकीपणा व नैराश्य दुसऱ्या गटाच्या तुलनेत घटले होते. येथे वापर बंद केला नव्हता, मर्यादित केला होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

या परस्परविरोधी भासणाऱ्या निष्कर्षांची उलगड रिबेका नाउलँड, एलिझाबेथ नेका आणि जॉन कॅसिओपो यांनी २०१८ मधील लेखात केली. आंतरजालाचा उपयोग आहेत ती नाती दृढ करण्यासाठी आणि नवी जोडण्यासाठी केला, तर एकाकीपणा कमी होतो. प्रत्यक्ष जगातील क्लेशांपासून पळण्यासाठी केला, तर वाढतो. त्यांच्या मांडणीत आंतरजाल हे वाटेवरचे विसाव्याचे ठिकाण असावे, कायमचे बिऱ्हाड नव्हे. अडचण अशी की, एकाकी व्यक्तीचाच कल दुसऱ्या प्रकारच्या वापराकडे अधिक असतो.

कॅसिओपो यांच्या दीर्घ संशोधनाचा आणखी एक निष्कर्ष मंचाच्या रचनेत निर्णायक ठरतो. एकाकी व्यक्ती सामाजिक धोक्याविषयी अतिदक्ष असते. कोणी उशिरा उत्तर दिले की नकार दिला असे तिला वाटते, दोघे हसले की आपल्यालाच हसले असे वाटते. या गैरसमजांमुळे ती आणखी मागे सरते आणि चक्र पूर्ण होते. क्रिस्टोफर मासी, कॅसिओपो व सहकारी यांनी एकाकीपणावरील उपाययोजनांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात उपायांचे चार प्रकार पाडले होते: सामाजिक कौशल्ये शिकवणे, आधार पुरवणे, भेटीगाठींच्या संधी वाढवणे आणि इतरांविषयीच्या विपरीत समजुती बदलण्यास मदत करणे. काटेकोर चाचण्यांत चौथा प्रकार सर्वाधिक परिणामकारक आढळला. केवळ माणसांना एकत्र आणून सोडणे पुरेसे ठरत नाही, असा याचा स्पष्ट अर्थ आहे. बहुसंख्य मंच मात्र तिसऱ्या प्रकारावरच थांबतात, कारण तांत्रिकदृष्ट्या तेच सर्वांत सोपे असते.

होरायझन्स

ओरिजेन ही तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. सायकोसिस या गंभीर मनोविकाराचा पहिला झटका येऊन गेलेल्या तरुणांना तेथील विशेष केंद्रात सुमारे दोन वर्षे उपचार मिळत. त्यानंतर उपचार संपत आणि पुष्कळांचा लाभही हळूहळू ओसरे. आजारपणात शिक्षण सुटलेले, मित्र पांगलेले. बरे झाल्यावर परतावे तर कोणाकडे, अशी त्यांची अवस्था असे. मारिओ अल्व्हारेझ-हिमेनेझ, जॉन ग्लीसन आणि सहकाऱ्यांनी या टप्प्यासाठी होरायझन्सची रचना केली. तिच्या मागील पद्धतीला त्यांनी 'देखरेखीखालील ऑनलाइन सामाजिक उपचार' अशा अर्थाचे नाव दिले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ती 'मोस्ट' म्हणून ओळखली जाते.

या मंचात तीन गोष्टी एकत्र गुंफल्या आहेत. पहिली म्हणजे सहभागींना आपापसांत बोलण्याची जागा. तिला कॅफे असे नाव होते. दुसरी म्हणजे परस्परसंवादी उपचारपाठ, ज्यांत स्वतःच्या गुणांची ओळख, चिंतेला तोंड देणे, इतरांच्या वागण्याचा अर्थ लावण्याच्या आपल्या सवयी तपासणे असे विषय येतात. पाठाअखेरीस प्रत्यक्ष आयुष्यात करून पाहण्यासारखी एखादी छोटी कृती सुचवलेली असते. तिसरी म्हणजे देखरेख. प्रशिक्षित मानसोपचार तज्ज्ञ रोज मंचावर असतात आणि त्यांच्या जोडीला स्वतः अशा आजारातून गेलेले तरुण साहाय्यक असतात. एखाद्या सहभागीने आपली अडचण मांडली, की सर्वांनी मिळून तिच्यावर टप्प्याटप्प्याने तोडगे शोधण्याचीही सोय आहे. यामुळे अडचण मांडणारा याचक राहत नाही आणि उत्तर देणारा उपदेशक होत नाही. आज ज्याने विचारले तो उद्या दुसऱ्याला सांगतो. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडलो, ही जाणीव एकाकी माणसाला क्वचितच मिळते. प्रस्तुत रचनेचा हा सर्वांत मोलाचा भाग मानावा लागेल.

प्रारंभी २० तरुणांसह महिनाभराचा लहान प्रयोग करण्यात आला. त्याचा अहवाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर १६ ते २७ वयोगटातील १७० तरुणांची यादृच्छिक नियंत्रित चाचणी घेण्यात आली. निम्म्यांना नेहमीच्या सेवांसोबत १८ महिने होरायझन्स उपलब्ध होते, उरलेल्यांना केवळ नेहमीच्या सेवा. २०२१ मध्ये 'वर्ल्ड सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात निष्कर्ष आले. सामाजिक जीवनातील कार्यक्षमता हा चाचणीचा मुख्य निकष होता आणि त्यावर दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र होरायझन्स वापरणाऱ्यांत नोकरी मिळण्याची वा शिक्षण पुन्हा सुरू करण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे साडेपाच पटींनी अधिक वाढली आणि जितका वापर अधिक तितका हा लाभही अधिक दिसला. तातडीच्या रुग्णसेवेकडे जावे लागलेल्यांचे प्रमाण होरायझन्स गटात १९ टक्के, तर दुसऱ्या गटात ३९ टक्के होते.

या निकालाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. मुख्य उद्दिष्ट साधले नाही, ही गोष्ट लपवण्यासारखी नाही आणि संशोधकांनी ती लपवलेलीही नाही. दुसरीकडे, वर्गात किंवा कामावर परतलेला तरुण रोज माणसांत वावरू लागतो. मैत्रीला लागणारे शेकडो तास त्याला तेथेच मिळतात. एकाकीपणावर थेट घाव घालण्यापेक्षा माणसांत परतण्याची वाट मोकळी करणे अधिक साध्य असावे, असे या आकड्यांवरून वाटते. पुढे याच पद्धतीवर आधारित 'मोस्ट' ही सेवा २०२० पासून व्हिक्टोरिया राज्यातील तरुणांच्या मानसिक आरोग्यसेवांमध्ये विस्तारण्यात आली. करोना साथीच्या टाळेबंदीने त्या विस्ताराला निकड प्राप्त करून दिली होती.

रचनेतील प्रमुख प्रश्न

पहिला प्रतिसाद. मंचावर नव्याने आलेल्या व्यक्तीच्या पहिल्या नोंदीला उत्तर मिळाले तर ती पुन्हा लिहिण्याची शक्यता वाढते, असे ऑनलाइन समूहांच्या अभ्यासांत आढळले आहे. एकाकी व्यक्तीच्या बाबतीत अनुत्तरित नोंद ही केवळ संधी गमावणे नसते. आपण कोणालाच नको आहोत या तिच्या समजुतीचा तो पुरावा ठरतो. म्हणून पहिले उत्तर योगायोगावर न सोडता त्याची जबाबदारी कोणावर तरी सोपवणे भाग असते. पसंतीच्या खुणांची संख्या, अनुयायांची संख्या, संदेश वाचल्याची निळी खूण या समाजमाध्यमांवरील नित्याच्या गोष्टीही अतिदक्ष मनाला टोचतात आणि म्हणून या मंचांवर त्या वगळणे इष्ट ठरते.

अनामिकता. खरे नाव न सांगता बोलता येणे ही अनेकांसाठी बोलण्याची पूर्वअट असते. ब्रिटनमधील 'कूथ' ही सेवा तरुणांना टोपणनावानेच प्रवेश देते आणि तेथील नोंदी प्रसिद्ध होण्यापूर्वी तपासल्या जातात. तथापि नाव झाकल्याने माणूस जसा मोकळा होतो तसाच उच्छृंखलही होतो. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये या दोन्ही बाजूंचे विवेचन केले आहे. शिवाय कायम टोपणनावाने झालेली मैत्री मंचाबाहेर नेता येत नाही. इतर सहभागींसाठी टोपणनाव, पण संस्थेकडे ओळखीची व तातडीच्या संपर्काची नोंद, ही एक मधली वाट होय. तिच्यामुळे संकटप्रसंगी मदत पाठवता येते.

देखरेख. दुःख बोलून दाखवण्याची जागा दुःख उगाळण्याची जागा केव्हा होते, हे यंत्राला सांगता येत नाही. स्वतःला इजा करण्याविषयीची वर्णने अशा जागी एकाकडून दुसऱ्याकडे पसरू शकतात. प्रौढांनी बनावट वयाने प्रवेश करून मुलांशी संधान बांधण्याचा धोकाही असतो. यासाठी जागती माणसे लागतात, त्यांना पगार लागतो आणि रात्री दोन वाजताही ती लागतात. जपानमधील 'आनाता नो इबाशो' या संस्थेने रात्रीचा प्रश्न चतुराईने सोडवला. कोकी ओझोरा यांनी विद्यार्थिदशेत, मार्च २०२० मध्ये सुरू केलेल्या या चोवीस तासांच्या लेखी संवादसेवेत परदेशी राहणारे जपानी स्वयंसेवकही आहेत. जपानात मध्यरात्र असते तेव्हा त्यांच्याकडे दिवस असतो. 'इबाशो' या शब्दाचा अर्थ आपण जसे आहोत तसे असू शकतो अशी जागा. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द नाही. 'हक्काचे ठिकाण' त्याच्या जवळ जाते.

सामारिटन्स रडार: एक फसलेला प्रयोग

ब्रिटनमधील सामारिटन्स ही आत्महत्या प्रतिबंधाचे काम करणारी प्रतिष्ठित संस्था आहे. २९ ऑक्टोबर २०१४ रोजी तिने 'सामारिटन्स रडार' हे ट्विटरला जोडलेले अ‍ॅप आणले. ते घेणारा वापरकर्ता ट्विटरवर ज्यांचे अनुसरण करत असे, त्यांच्या सार्वजनिक नोंदी हे अ‍ॅप सतत चाळत असे. एकटेपणाचा कंटाळा आला आहे, बोलायला कोणी हवे आहे, अशा आशयाचे शब्दप्रयोग आढळताच ते वापरकर्त्याला ईमेलने सावध करी. ज्याच्या नोंदी चाळल्या जात, त्याला मात्र याचा पत्ताच नसे.

हेतूविषयी कोणाला शंका नव्हती. आक्षेप घेतला तो ज्यांच्यासाठी हे केले होते त्यांनीच. आपल्या दुर्बल क्षणाची सूचना नेमकी कोणाला जाते, ती मित्राला जाते की छळणाऱ्याला, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे नाही. मग येथे मोकळेपणाने लिहायचे तरी कसे, असा त्यांचा प्रश्न होता. खासगीपणासंबंधी तीव्र टीका झाली आणि ७ नोव्हेंबर २०१४ रोजी, म्हणजे दहा दिवसांच्या आत, ते अ‍ॅप थांबवण्यात आले. एकाकी व्यक्तींवर परस्पर पाळत ठेवणे आणि त्यांना सोबत देणे यांतील सीमारेषा या प्रसंगाने ठळक केली. तरुणांना रचनेच्या पहिल्या दिवसापासून सहभागी करून घेण्याचा आग्रह धरला जातो, त्यामागे अशा अनुभवांचा वाटा आहे.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात केवळ एकाकीपणाला वाहिलेले मंच थोडे आहेत. बहुतेक काम मानसिक आरोग्यसेवांच्या अंगाने झाले. मुंबईतील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये 'आयकॉल' ही समुपदेशन सेवा सुरू केली आणि दूरध्वनीसोबत ईमेल व लेखी संवादाचा मार्गही दिला. घरात बोललेले सर्वांना ऐकू जाते अशा तरुणांसाठी लिहून बोलण्याची सोय हीच मोठी गोष्ट असते. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'संगत' संस्थेने शाळकरी मुलांसाठी 'पॉड अ‍ॅडव्हेंचर्स' हा मोबाइलवरील खेळ तयार केला. त्यात समस्या सोडवण्याची रीत गोष्टीरूपाने शिकवली जाते आणि सोबत प्रशिक्षित समुपदेशक असतो. संगत आणि पुण्यातील आयएलएस विधी महाविद्यालयाचे मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र यांचा सहभाग असलेल्या 'आउटलिव्ह' या उपक्रमात प्रशिक्षित तरुण स्वयंसेवक आपल्या समवयस्कांशी लेखी संवाद साधतात. केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते.

परदेशी रचना येथे जशीच्या तशी आणण्यात काही अडचणी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरत असलेला मोबाइल होता. घरचा सामाईक फोन वापरणाऱ्या मुलीसाठी एका स्पर्शात पडदा बदलणारी आणि मागे खूण न ठेवणारी सोय ही चैन नसून गरज आहे.

दुसरी अडचण भाषेची. 'मला एकाकीपणा जाणवतो' असे कोणी मराठी मुलगा म्हणत नाही. तो 'करमत नाही' म्हणतो, 'बोअर होतंय' म्हणतो, किंवा काहीच म्हणत नाही. मापनश्रेणीचे शब्दशः भाषांतर येथे हमखास फसते. संबोधनाचाही प्रश्न आहे. इंग्रजीतील एकाच सर्वनामाच्या जागी मराठी समुपदेशकाला पहिल्याच वाक्यात 'तू' की 'तुम्ही' हे ठरवावे लागते. 'तुम्ही'ने अंतर पडते. अनोळखी व्यक्तीच्या 'तू'ने काहींना आपलेपणा वाटतो, तर काहींना आगाऊपणा. ज्याने त्याने मंचावर येताना आपले संबोधन स्वतः निवडावे, ही साधी सोय मराठी मंचाने द्यावयास हरकत नसावी. मराठी तरुण रोमन लिपीतही मराठी लिहितात, नागर आणि बोली यांची सरमिसळ करतात. शब्द पाहून धोका ओळखणाऱ्या स्वयंचलित यंत्रणा तेथे अपुऱ्या पडतात.

संवादी यंत्रे

२०१७ मध्ये आलेल्या 'रेप्लिका'पासून यंत्राशीच मैत्री करण्याचा पर्याय लोकप्रिय झाला. असे संभाषण एकाकीपणाची भावना तात्पुरती हलकी करते, असे काही प्रयोगांत दिसले आहे. यंत्र दमत नाही, रागावत नाही, रात्री झोपत नाही. पण त्याला आपली गरजही नसते आणि परस्परता हा मैत्रीचा गाभाच त्यात नसतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये रेप्लिकाच्या निर्मात्यांनी तिच्या संभाषणाचे काही प्रकार बंद केले, तेव्हा जिवलग माणूस बदलून जावे तसे दुःख अनेक वापरकर्त्यांनी व्यक्त केले. त्याच महिन्यात इटलीच्या विदासंरक्षण प्राधिकरणाने अल्पवयीनांना असलेल्या धोक्याचे कारण देऊन तिच्यावर निर्बंध घातले. 'कॅरेक्टर एआय' या कंपनीने नोव्हेंबर २०२५ पासून १८ वर्षांखालील मुलांसाठी मुक्त संभाषण बंद केले.

कायदेशीर चौकट

भारताच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते. तिची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घ्यावी लागते आणि बालकांच्या वर्तनाचा माग काढणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांना मनाई आहे. दुसरी तरतूद या मंचांच्या हेतूला पोषकच आहे. पहिलीमुळे पेच निर्माण होतो: ज्या सोळा वर्षांच्या मुलाच्या एकाकीपणाचे मूळ घरातच आहे, त्याने मदत मागण्यासाठी प्रथम घरच्यांची परवानगी मागावी, असा त्याचा अर्थ होतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत आरोग्यसेवा देणाऱ्या आस्थापनांना काही मर्यादेत सूट देण्यात आली आहे. समवयस्कांच्या साध्या संवादमंचाला ती मिळेल की नाही, हे त्या मंचाची गणना आरोग्यसेवेत होते की नाही यावर अवलंबून राहील.

ऑस्ट्रेलियाने वेगळा मार्ग निवडला. तेथील २०२४ च्या कायद्यान्वये १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. ज्या सेवांचा मुख्य हेतू आरोग्य किंवा शिक्षण आहे त्या मात्र या बंदीतून वगळण्यात आल्या आहेत.